एकटं राहण्याची परीक्षा

११ जानेवारी

संस्थेच्या प्रशिक्षणात सांगितलं, रोज चार ओळी लिहून ठेवा, मन मोकळं होतं. माझं मन काही तुंबलेलं नाही. पण नोंद ठेवायची सवय आहे. एकतीस वर्षं मी गाडीच्या परवान्यासाठी लोकांच्या परीक्षा घेतल्या. शेजारच्या सीटवर बसायचं, मांडीवर फळी, फळीवर फॉर्म, आणि 'डावीकडे', 'थांबा', 'निघा' यापलीकडे तोंड उघडायचं नाही. ऑफिसात माझ्यामागे मला 'लाल पेन' म्हणायचे. मला ठाऊक होतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली.

उमेदवार आज सकाळी दहाला आली. वेळेवर. वय साडेअठरा. एक बॅग, एक पिशवी, केस घट्ट बांधलेले. हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहे, सात ते तीन, गुरुवारी सुट्टी.

ज्या मुलांना स्वतःच्या घरी राहता येत नाही त्यांना दुसऱ्या कुटुंबात वाढवायला ठेवतात. अठरा पूर्ण झाली की त्या कुटुंबाचं काम संपतं आणि मूल एका दिवसात मोठं झालं असं धरलं जातं. हिची अशी पाच घरं झाली. आता संस्थेने तिला माझ्याकडे पाठवलंय, एकटं राहायला शिकण्यासाठी. चाळीस मुद्द्यांची छापील यादी आहे: स्वयंपाक, कपडे, गॅस, औषधं, अर्ज, फोन, असं सगळं. एकेक जमलं की मी बरोबरची खूण करायची. चाळीस खुणा झाल्या की संस्थेकडून तिला स्वतंत्र खोली मिळेल. मात्र एकोणीस पूर्ण झाली की यादी कुठवर आली हे कोणी विचारत नाही, संस्थेचा हात सुटतो. तिचा वाढदिवस २० जुलैला.

एकटं राहणं शिकवायला माझ्याइतकं लायक माणूस त्यांना मिळालं नसतं. आई गेली त्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हापासून मी एकटी राहते आणि उत्तम राहते.

"तुम्हाला काय म्हणू? काकू?" तिने विचारलं.

"मॅडम."

"बरं."

१३ जानेवारी

"फ्रीज उघडू का?" हा प्रश्न आज अकरा वेळा. शेवटी सांगितलं, फ्रीज तुझ्यासाठीही आहे, उघड आणि बंद कर, मला कळवू नकोस. त्यानंतर एकदाही उघडला नाही.

बॅग अजून भरलेलीच आहे. रोज लागेल तेवढं काढते, वापरते, धुऊन वाळवून परत बॅगेत. कपाटाचा एक खण रिकामा करून दिलाय. म्हणाली, "असू दे मॅडम, सवय आहे."

१४ जानेवारी

मुद्दा ३, भात. पातेलं भरून वर झाकण तरंगत होतं.

"कोण कोण जेवायला येणार आहे?"

"कोणी नाही."

"मग हा डोंगर कोणासाठी?"

"आधीच्या घरी आम्ही नऊ जण होतो. मला नऊ जणांचाच येतो."

नापास. दोन दिवस तोच भात खातोय.

२ फेब्रुवारी

मुद्दा ११, मोठ्या चादरीची घडी एकटीने. माझी पद्धत दाखवली: एक कड कपाटाच्या दारात अडकवायची, दुसरी हनुवटीखाली धरायची, आणि मागे मागे जायचं. ती हसायला लागली. मला वाटलं काही चुकलं.

"मॅडम, लाँड्रीत आम्ही दिवसाला चारशे चादरींच्या घड्या घालतो. कधी हनुवटी लावली नाही." आणि तिने सरळ समोरची दोन टोकं उचलली. "या. दोघींनी घातली की पटकन होते."

"यादीत दोघींनी असं लिहिलेलं नाही."

"बरं, पण ही एक घालून टाकू."

घातली. कडा तंतोतंत जुळल्या. मग तिने दुसऱ्या चादरीची घडी हनुवटी लावून एकटीने घातली आणि मी खूण केली. पहिली चादर मी कपाटात वरच ठेवली आहे.

२१ फेब्रुवारी

रविवार. धाकट्या भावाचा फोन, नेहमीप्रमाणे अकराला.

"काय ताई, उमेदवार कितव्यांदा नापास?"

"सतरा मुद्दे झाले."

"सतरा! तुझ्या हाताखाली? पोरगी फार हुशार आहे की तू म्हातारी झालीस?"

"तुझ्यापेक्षा हुशार आहे. तुला क्लच कळायला दीड वर्ष लागलं."

"तुझा आवाज वेगळा येतोय."

"सर्दी असेल."

सर्दी नव्हती. लाइनचा दोष असावा.

ती स्वयंपाकघरात भांडी घासताना स्वतःशी बोलते. मोठ्याने नाही, पण ऐकू येतं. सुरुवातीला त्रास व्हायचा.

१९ मार्च

चार दिवस ताप होता. लिहिलं नाही. तिने दोन दिवस रजा काढली, मी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना फोन केला, औषधाच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला लावल्या, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. मला पट्ट्या आवडत नाहीत. हे मी तिला सांगितलं असावं, कारण ती म्हणाली, "हो हो, मॅडम, तक्रार लिहून द्या, आधी झोपा."

मुद्दा २२, आजारपणात काय करावे: खूण केली.

तिने आपले कपडे खणात ठेवलेत. केव्हा ठेवले, लक्षात आलं नाही. बॅग कपाटावर आहे, रिकामी.

४ एप्रिल

जेवताना तिने विचारलं, "मॅडम, तुमच्याकडे शंभरातले किती पास व्हायचे?"

"अडतीस."

"बाप रे. आणि बाकीचे?"

"परत यायचे."

"परत परत?"

"काही जण सात-आठ वेळा. एक शिंपी होता, अकरा वेळा आला. चढावर गाडी थांबवली की मागे घसरायची. दर वेळी गाडीत बसताना म्हणायचा, आज तुमच्या मनासारखं होणार."

"तुम्ही त्याच्याशी बोलायचात?"

"परीक्षेत बोलत नाहीत. पण चेहरा ओळखीचा झाला होता."

"मग पास झाला?"

"बाराव्या वेळी."

"त्यानंतर भेटला?"

"पास झाल्यावर कशाला येतील?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मला आणखी एक बटाटा वाढला, मागितला नव्हता तरी.

२७ एप्रिल

छत्तीस मुद्दे झाले. फार भरभर. मला हे पसंत नाही. घाईत शिकलेलं पक्कं राहत नाही. भरभर शिकलेले ड्रायव्हरच पहिल्या पावसात खांबाला धडकतात. झालेल्या मुद्द्यांची पुनर्तपासणी करावी असं ठरवलं आहे. हे तिच्याच भल्याचं आहे.

१० मे

संस्थेची कार्यकर्ती आली होती. पंचविशीची मुलगी, स्कूटरवरून येते, हेल्मेट सोफ्यावर ठेवते. आनंदाने सांगितलं, जूनअखेर एक खोली रिकामी होतेय. संस्थेच्या इमारतीत, तिसरा मजला, खोलीतच ओटा, स्वतंत्र बाथरूम. २५ जूनला दुपारी बारापर्यंत यादी पूर्ण होऊन हातात आली तर ती हिची. त्यानंतरची खोली डिसेंबरात.

"डिसेंबरात मी एकोणीसची झालेली असेन," ती म्हणाली.

"म्हणून तर!" कार्यकर्ती म्हणाली. "पण तुझे छत्तीस झालेत. मॅडम, चारच राहिलेत ना?"

"पुनर्तपासणी चालू आहे," मी म्हटलं.

ती कार्यकर्तीला सोडायला खालपर्यंत गेली. जिन्यावरून दोघींचं हसणं वर येत होतं. चहाचे तीन कप मी धुतले.

१२ मे

मुद्दा ६, गजर लावून वेळेवर उठणे. फेब्रुवारीत खूण केली होती. आज तपासलं. गजर साडेपाचचा, ती पाच वीसलाच उठून बसली होती. म्हणजे गजराने उठणं सिद्ध होत नाही. खूण खोडली, समासात कारण लिहिलं.

"पण मी उठले ना?" ती म्हणाली.

"गजराने नाही."

"गजर होईपर्यंत पडून राहायला हवं होतं का?"

"प्रश्न तो नाही."

मग प्रश्न कोणता, हे तिने विचारलं नाही. बरं झालं.

१५ मे

मुद्दा २२ खोडला. आजारी मी होते, ती नव्हती. स्वतः आजारी असताना एकटीने काय करेल, हे तपासलेलंच नाही.

२३ मे

भाऊ फोनवर म्हणाला, "खोली मिळतेय तर पाठव की तिला."

मी म्हटलं, कच्ची आहे.

"पक्की कधी होणार?"

"तुला लांबून काय कळतं?"

"लांबून बरं दिसतं कधीकधी, ताई." आणि त्याने विषय बदलला. तो नेहमी विषय बदलतो.

दुपारी कपडे वाळत घालताना मी तिला सहज म्हटलं, नाही मिळाली ती खोली तर काही आकाश कोसळत नाही. संस्थेचं संपलं तरी माझी खोली आहेच. मला अडचण नाही.

ती चिमटे लावत राहिली. मग म्हणाली, "तुमची खोली छान आहे मॅडम. पण ती तुमची आहे. मला माझी हवी. लहान चालेल. जिथे मला कोणी 'चल, आवर आता' म्हणणार नाही."

"मी कधी म्हटलं तुला 'आवर'?"

"नाही. पण म्हणू शकता ना."

हे काही मला पटलं नाही. म्हणू शकणं आणि म्हणणं यात फरक आहे.

३ जून

राहिलेल्या चारांपैकी तीन मेअखेर झाले. आता मुद्दा ४०, शेवटचा आणि सगळ्यात मोठा: एक पूर्ण दिवस, नऊ ते पाच, घर एकटीने सांभाळणे. तेवढा वेळ मी बाहेर राहायचं. तिच्या सुट्टीचे गुरुवार चार आहेत, पैकी आज पहिला.

मी समोरच्या वह्यापेनांच्या दुकानात बसले. तिथून आमचं दार आणि स्वयंपाकघराची खिडकी दिसते. दोन वाजता अचानक तपासणीसाठी वर गेले. ती खुर्चीत झोपली होती.

"मॅडम, माणूस आपल्या घरात दुपारी झोपत नाही का?"

"परीक्षेत नाही."

नापास.

१० जून

मुद्दा ४०, दुसरी खेप. आज जागी होती. सगळं जागच्या जागी. पण गॅसचा नॉब बंद करताना नजर खिडकीबाहेर होती. हात सवयीने वळला, हे मी दारातून पाहिलं. गाडीच्या परीक्षेत आरसा डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलेला आम्ही कधीच धरत नसू, मान वळलेली दिसली पाहिजे. नापास.

तिने नॉबकडे बघून पुन्हा एकदा बंद केला. तो बंदच होता.

१७ जून

तिसरी खेप. कुरिअरवाला आला. तिने साखळी न काढता नाव विचारलं, ओळखपत्र बघितलं, सगळं पद्धतशीर. पण पार्सल शेजाऱ्यांचं होतं आणि तिने ठेवून घेतलं. एकट्या माणसाने दुसऱ्याची जबाबदारी अंगावर घेऊ नये. नापास.

शेजारीण संध्याकाळी पार्सल न्यायला आली आणि तिचे आभार मानत पंधरा मिनिटं उभी राहिली. या शेजारणीशी सव्वीस वर्षांत माझं एवढं बोलणं झालेलं नाही.

१८ जून

कार्यकर्ती न सांगता आली. यादी मागितली. लाल खुणांकडे बराच वेळ बघत होती.

"मॅडम, फेब्रुवारीतल्या खुणा मे महिन्यात खोडल्यात?"

"पुनर्तपासणीत टिकल्या नाहीत."

"'गजराआधी उठली म्हणून अमान्य'." ती मोठ्याने वाचून हसली. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. "मॅडम, मी माझी स्वतःची यादी भरायला घेतली ना, तर बाराव्या मुद्द्यापुढे जाणार नाही."

"मग तुम्ही एकट्या राहू नका."

"नाहीच राहत मी. आई आहे, नवरा आहे, सासू आहे, गॅस कोणी बंद केला यावरून रोज भांडणं आहेत."

जाताना दारात म्हणाली, "पंचवीस तारीख, दुपारी बारा. नाहीतर खोली पुढच्या मुलाला जाईल, माझ्या हातात काही नाही. आणि येत्या गुरुवारी खरंच बाहेर जा. समोरच्या दुकानात नको."

दुकानाचं तिला कोणी सांगितलं असेल? मुलीने नाही. मुलगी चुगली करणारी नाही.

२० जून

संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली. हात मांडीवर ठेवलेले. परीक्षेआधी गाडीत बसतात तशी.

"मॅडम, मी काय केलं म्हणजे तुम्हाला पुरेल?"

"यादी बघ."

"यादी पाठ आहे मला. यादीबद्दल नाही विचारलं."

आवाजात उद्धटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, उद्धटपणाला काय बोलायचं ते मला येतं. मी म्हटलं, गुरुवारी बघू. ती उठून गेली. आज भांडी घासताना ती स्वतःशी काही बोलली नाही.

२४ जून

हे नीट लिहायला हवं. जसं झालं तसं.

काल संध्याकाळी, आज कुठे जायचं ते ठरवायला बसले. आठ तास काढायचे होते. कागदावर दोन नावं लिहिली. एक जण मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेली आहे. दुसरी आता नाही, हे नाव लिहून झाल्यावर आठवलं. तिसरं नाव सुचलं नाही. कागद फाडून टाकला.

बरोबर नऊला निघाले. "निघा," ती दारातून म्हणाली, अगदी माझ्या आवाजात. मी मागे वळून बघितलं तर तिचा चेहरा गंभीर होता, डोळे सोडून.

समोर आली त्या बसमध्ये बसले आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिथून परत. कंडक्टर म्हणाला, "उतरायचं राहिलं का?" मी म्हटलं, नाही, बघायचं होतं. काय बघायचं होतं, हे त्याने विचारलं नाही. ग्रंथालयात दीड तास बसले. वर्तमानपत्र वाचलं, मागच्या पानावरच्या लग्नाच्या जाहिरातींसकट. बारा वाजले होते.

मग पाय आपोआप तिकडेच वळले. परीक्षेचं मैदान. तारेचं कुंपण तेच, चढ तोच, रंगवलेले पिंप आता निळे केलेत, आमच्या वेळी पांढरे होते. कुंपणाबाहेरच्या बाकावर बसले. आत एक बाई गाडी मागे घेत होती आणि पिंपांना फार जवळ नेत होती. माझा उजवा हात पेन धरल्यासारखा मिटला, तेव्हा लक्षात आलं.

जेवणाच्या सुट्टीत एक परीक्षक बाहेर आला. तिशीचा असेल. डबा घेऊन माझ्याच बाकावर बसला. मला ओळखण्याचं त्याला कारण नव्हतं.

"काकू, कोणाची परीक्षा?"

"आमच्या मुलीची," मी म्हटलं.

का म्हटलं, माहीत नाही. खोटं बोलायची मला सवय नाही.

"कितवी खेप?"

"चौथी."

"अरेरे. घाबरते का?"

"नाही. चांगली चालवते."

"मग?"

"परीक्षक कडक आहे. एक म्हातारी आहे."

तो हसला. "असतात काही तशा. आमच्या इथेही एक होत्या म्हणे, मी यायच्या आधी. लोक दहा-दहा वेळा यायचे. घरी कोणी वाट बघणारं नसलं ना काकू, की माणूस समोरच्यालाही सोडत नाही." त्याने डब्यातला एक तुकडा मला पुढे केला. "घ्या. होईल ती पास."

मी तो तुकडा घेतला आणि खाल्ला. त्याला 'तुला काय कळतं' म्हणता आलं असतं. एकतीस वर्षांचे आकडे सांगता आले असते. माझ्या हाताखालून पास झालेल्यांत अपघात किती कमी, हे मी मोजून ठेवलं आहे. तो आत गेल्यावरही बसून राहिले. सहा गाड्या झाल्या. चार जणांना त्याने पास केलं. त्यातल्या दोघांना मीही केलं असतं.

साडेतीनला परत निघाले. जिना चढताना पर्स चाचपली. किल्ल्या नाहीत. सकाळी खुंटीवरच राहिल्या. माझ्याकडून असं कधी होत नाही. पाचच्या आत बेल वाजवायची नाही, परीक्षा चालू असताना उमेदवाराला हाक मारायची नाही, हा माझाच नियम. म्हणजे पाचपर्यंत जिन्यात उभं राहणं आलं.

वर पोचले तर दाराबाहेर माझी खुर्ची ठेवलेली. शेजारी स्टुलावर झाकलेला पाण्याचा ग्लास. आणि दार नुसतं लोटलेलं, कडी न लावता.

मी खुर्चीवर बसले. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आत जाता आलं असतं. नाही गेले. पन्नास मिनिटं बसले. आतून आवाज येत होते. नळ. कपडे झटकल्याचा आवाज. कढईत काहीतरी चुरचुरलं, मग थांबलं. ती स्वतःशी बोलत होती: "हे झालं, हे झालं, ते राहिलं, अगं ते राहिलं." माझ्या स्वतःच्या घरातले आवाज मी बाहेर बसून ऐकत होते, आणि उठावंसं वाटत नव्हतं.

पाचला आत गेले. सगळं तपासलं. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. टेबलावर यादी आणि माझं लाल पेन तिनेच काढून ठेवलं होतं.

"दार उघडं होतं," मी म्हटलं.

"हो. तुमच्या किल्ल्या खुंटीवर दिसल्या. मला मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचे होते, तिथे काही ऐकू येत नाही. आणि तुम्ही बेल वाजवणार नव्हतातच."

"दार उघडं म्हणजे काय होतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. सरळ नापास."

"मग का ठेवलंस?"

"पायऱ्या चढून आल्यावर तुमचे गुडघे दुखतात," ती म्हणाली. "उभ्या राहिल्या असतात तुम्ही. मला माहीत आहे ना."

उद्या दुपारी बारा, हे दोघींनाही माहीत होतं. तिने पेन माझ्याकडे सरकवलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

आमच्या खात्याचा नियम असा: परीक्षकाच्या चुकीमुळे उमेदवाराची चूक झाली तर परीक्षा रद्द आणि पुन्हा तारीख. पुन्हा तारीख नव्हती. नियमाने रद्द करायला हवी होती. मी केली नाही. मुद्दा ४० समोर खूण केली. मग मागची पानं उलटली आणि खोडलेल्या नऊ खुणा एकेक करून परत केल्या. गजर. ताप. अर्जावरची सही. सगळ्या. गजराआधी उठणारी मुलगी गजरानेही उठेल. हे मला मे महिन्यातही कळत होतं. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

शेवटी अभिप्रायासाठी दोन ओळी असतात. लिहिलं: 'उमेदवार पूर्ण तयार आहे. उशीर परीक्षकामुळे झाला.'

तिने वाचलं. दोनदा वाचलं. "मॅडम, हे दुसरं वाक्य नको," म्हणाली.

"नोंद आहे. नोंद खोडत नाहीत."

मग ती रडली. मी पाणी आणून दिलं. आणखी काय करतात, ते मला माहीत नाही. खांद्यावर हात ठेवला. तो बराच वेळ तिथे होता, असं वाटतं.

२५ जून

अकराला स्वतः जाऊन यादी दिली. पोचपावती घेतली. कार्यकर्ती दुसरं वाक्य वाचून उभी राहिली फक्त. मीही उभीच होते.

२८ जून

भावाचा फोन काल आला होता. सांगितलं, झाली पास. तो म्हणाला, "आणि तू?" मी म्हटलं, माझी परीक्षा नव्हती. या वेळी त्याने विषय बदलला नाही, मीच बदलला.

१ जुलै

तिचं सामान आता दोन बॅगा, दोन पिशव्या आणि एक खोकं इतकं झालं आहे. टॅक्सीने गेलो. इमारत साधी, रंग नवा. चारही बाजूंनी सारख्या खिडक्या, सारखे पडदे. तिसऱ्या मजल्यापर्यंत मी एक पिशवी नेली, ती नको म्हणत असतानाही.

खोली लहान आहे. ओटा स्वच्छ, नळ थोडा गळतो, तो मी तिला दाखवला. तिने आधीच पाहिला होता. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हात पसरले आणि एका जागी गोल फिरली. हात भिंतीला लागले नाहीत. "बघा," म्हणाली. मी बघितलं.

"बसा ना मॅडम. चहा करते. एकाच माणसाचा नाही, दोघींचा येतो मला."

मी म्हटलं, आधी तू सगळं लाव. तू बोलावल्याशिवाय मी चहाला येणार नाही.

"मग बोलावते. पुढच्या गुरुवारी. याल?"

गुरुवारी मला काही काम नसतं. पण लगेच हो म्हणायला कसंतरी वाटलं. म्हटलं, बघते.

"बघते म्हणजे काय? हो की नाही?"

"हो."

मी खाली उतरले. तिने आतून दार लावलेलं ऐकलं. रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेले आणि मग लक्षात आलं, तिची खिडकी कोणती ते विचारायचंच राहिलं. तिसरा मजला एवढंच माहीत. या बाजूला सहा खिडक्या, आणि तिची खोली या बाजूला आहे की मागे, तेही सांगता येईना. परत वर जावं, असं वाटलं. गेले नाही. दोन बस गेल्या. लोक माझ्याभोवतून वळसा घालून जात होते.

मग डावीकडून चौथ्या खिडकीतून कोणीतरी हात बाहेर काढून पडदा झटकला. ती असेल, नसेलही. मी हात केला.